चाळीस जणांची आयपीएल भाकीत स्पर्धा कशी चालवावी

दर मार्चमध्ये कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर कोणीतरी लिहितं, "चला, यंदा आपण आयपीएलच्या भाकितांची स्पर्धा घेऊ." पटापट अंगठे वर होतात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तोच ग्रुप पुन्हा गुड मॉर्निंगच्या फुलांवर आलेला असतो, आणि स्पर्धेचं काय झालं हे विचारायलाही कोणी उरलेलं नसतं.

मी डोंबिवलीत राहते, ठाण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. माहेर, सासर आणि कॉलेजची बॅच असा मिळून चाळीसेक जणांचा हा कारभार मी काही मोसम सांभाळते आहे. आमच्यातले बरेचसे डोंबिवली-पुण्यातले, काही दुबईला, काही न्यू जर्सीत. अनुभवाने एवढं कळलंय की पहिल्या तीन नंबरांवरच्यांची काळजी करावी लागत नाही, ते फॉर्म स्वतः मागून घेतात. स्पर्धा जगते की मरते ते एकतिसाव्या नंबरवरच्या माणसावर ठरतं. पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

आधी पैशाचं

"पन्नास-पन्नास रुपये कॉन्ट्री काढू, जिंकेल त्याला देऊ," ही सूचना पहिल्याच दिवशी येते. सरळ नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे भरून, पैसे मिळण्याच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद तिथे चालत नाही. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा आला आणि ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा गुंडाळल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरचं तिचं नावही गेलं.

"आपला घरचा ग्रुप, कोण बघतंय?" असं म्हणणारे असतात. कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी माझं उत्तर नाहीच. फुकट खेळणारा माणूस गुण चुकले तर "अगं जरा बघ ना" म्हणतो. पन्नास रुपये भरलेला हिशोब मागतो.

म्हणून बक्षीस चालवणाऱ्याच्या पदरचं, आणि छोटं. अर्ध्या मोसमात पहिला असेल त्याला हापूसची पेटी. ती मोसम संपल्यावर द्यायची नाही, कारण फायनलपर्यंत चांगला हापूस संपत आलेला असतो. आणि शेवटच्या नंबराला स्टीलचं उलथणं. या उलथण्यासाठी तळातल्या चार जणांत जी चढाओढ लागते ती वरच्या चषकासाठीही लागत नाही, तेव्हा ते वगळू नका.

फॉर्म आणि कुलूप

व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर स्पर्धा चालवता येईल असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. येत नाही. कोणी काय निवडलं ते पोलमध्ये उघड दिसतं आणि मत फिरवताही येतं. पहिल्या नंबरवरचा माणूस मग निवांत बसतो, दुसऱ्याने काय दिलं ते बघतो आणि तेच देतो. दोघांतलं अंतर कधी कमीच होत नाही.

गुगल फॉर्म घ्या. प्रत्येक सामन्याला ड्रॉपडाउन, त्यात दोनच नावं. मोकळी जागा ठेवलीत की लोक 'चेन्नई', 'चेन्नै', 'सीएसके', 'माही' आणि एकदा तर नुसता पिवळा बदाम पाठवतात. सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी बघा: ईमेल गोळा करणं चालू, भरणाऱ्याला उत्तराची प्रत मेलवर जाणं चालू, आणि निकालांचा सारांश दाखवणं बंद. हा सारांश चालू राहिला तर उशिरा येणाऱ्याला आधीच्या सगळ्यांचा कल फुकटात दिसतो.

मेलवरच्या प्रतीचा उपयोग कुर्ला ते मुंब्रा या पट्ट्यात कळतो. आमच्याकडचे निम्मे लोक संध्याकाळच्या लोकलमध्ये फॉर्म भरतात. "मी सबमिट दाबलं होतं, नेमकी रेंज गेली" यावर एकच उत्तर असतं: मेल आली का? आली नसेल तर फॉर्म आलेला नाही. आवाज चढवायची वेळ येत नाही.

वेळेच्या बाबतीत फॉर्म हाताने बंद करण्यावर विसंबू नका, त्या वेळी तुम्ही कणीक मळत असाल. फॉर्म उघडा राहू दे, निवाडा उत्तरं जमा होतात त्या गुगल शीटच्या पहिल्या रकान्यातल्या वेळेवर करा. मात्र त्या शीटच्या सेटिंग्जमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना, हे मोसम सुरू व्हायच्या आधी बघून घ्या. अमेरिकेतल्या कोणी शीट बनवून दिली असेल तर तिथली वेळ पडत राहते आणि कोण वेळेत होतं हे शोधताना डोकं फिरतं.

कुलूप, म्हणजे उत्तरं धरायची शेवटची वेळ, टॉसच्या आधी लावायचं, हा माझा हट्ट आहे. संध्याकाळच्या सामन्याचा टॉस सातला, पहिला चेंडू साडेसातला. मधल्या अर्ध्या तासात कोणाची बॅटिंग, कोण अकरात आणि कोण बाहेर हे कळतं. वानखेडेवर दव पडणार म्हटल्यावर सगळे डोळे मिटून धावांचा पाठलाग करणारा संघ निवडतात. मग भाकीत कसलं? आमचं कुलूप ६ वाजून ५५ मिनिटांनी. दुबईत तेव्हा ५:२५, न्यू जर्सीत सकाळचे ९:२५. या तिन्ही वेळा नियमांतच लिहून ठेवा, नाहीतर तिकडचे लोक दरवेळी विचारतात. पावसाने टॉस लांबला तरी कुलूप लांबत नाही.

आता रोजचा फॉर्म की आठवड्याचा? रोजच्या फॉर्मची मजा जास्त, पण लीगचे ७० सामने म्हणजे ७० फॉर्म, ७० आठवणी, आणि "अहो काका, आजचं राहिलं" असे शेकडो मेसेज. यात लोक कंटाळायच्या आधी चालवणारा कंटाळतो. मी सोमवारी एक फॉर्म काढते, त्यात रविवारपर्यंतचे सगळे सामने, सोमवारच्या सामन्याआधी एकच कुलूप. शनिवारी कोणाचा खांदा दुखावला तर दुखावला. रविवारी दुपारी साडेतीनचा सामना असतो आणि अर्धं महाराष्ट्र जेवून आडवं झालेलं असतं, तोही प्रश्न यात आपोआप सुटतो. प्लेऑफचे चार सामने तेवढे रोजच्या फॉर्मवर. तेव्हा लोक जागे असतात.

कुलूप लागलं की सगळ्यांची उत्तरं ग्रुपवर टाकायची. सगळ्यांची म्हणजे चालवणारीचीही. चालवणारीने खेळावं की नाही यावर दुमत आहे. मी खेळते, पण माझी उत्तरं सोमवारी सकाळीच, इतरांच्या आधी, ग्रुपवर उघडी टाकते. कोणाला नक्कल करायची असेल त्याने करावी, आजवर त्यात कोणाचं भलं झालेलं नाही. उत्तरं उघडी झाली की खरी गंमत सुरू होते. १५ एप्रिल २०२५ ला पंजाब १११ वर आटपला तेव्हा पंजाब दिलेल्यांची मध्यंतरातच यथेच्छ टिंगल झाली. मग कोलकात्याचा डाव ९५ वर संपला. आयपीएलमध्ये एवढ्या कमी धावा तोवर कोणी राखल्या नव्हत्या. टिंगल करणारे त्या रात्री ऑनलाइन दिसलेच नाहीत.

पहिल्या चेंडूआधीचा कागद

नियम मराठीत, एका पानावर, मोसम सुरू व्हायच्या आधी. भांडण झाल्यावर केलेला नियम कितीही न्यायाचा असला तरी कोणाच्या तरी बाजूचाच दिसतो. पाऊस, टाय आणि रद्द सामना या तिघांचं लिहिलं नसेल तर नियम लिहिलेच नाहीत असं समजा. आमच्या कागदावरचा हा भाग जसाच्या तसा घ्या:

"निकाल आयपीएलच्या अधिकृत वेबसाइटवर असेल तो. डकवर्थ-लुईसने (पावसाच्या नियमाने) लागला तरी तोच, सुपर ओव्हरमध्ये (टायनंतरच्या जादा षटकात) लागला तरी तोच. निकाल नाही, तर कोणालाच गुण नाही. सामना रद्द होऊन पुन्हा खेळवला तर आधीची उत्तरं बाद, नवा फॉर्म."

सुपर ओव्हरचं इतकं स्पष्ट का? १८ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-पंजाब सामना टाय झाला, सुपर ओव्हरही टाय झाली, आणि दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये पंजाब जिंकला. "मुळात सामना टाय होता, अर्धा गुण द्या" म्हणणारा एक तरी भाऊजी प्रत्येक घरात असतोच.

शेवटचं वाक्य मात्र २०२५ ने शिकवलं. ८ मे, गुरुवार. धरमशाला, पंजाब-दिल्ली सामना. पंजाबच्या १०.१ षटकांत १ बाद १२२ धावा, आणि मैदानावरचे दिवे गेले. भारत-पाकिस्तान तणावामुळे सामना तिथेच थांबवला, प्रेक्षकांना बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी अख्खी स्पर्धा स्थगित. लोकांनी आठवड्याचा फॉर्म सोमवारीच भरलेला. आधी दोन दिवस कोणी गुणांचा विषयच काढला नाही, ते बरोबरच होतं. मग शस्त्रसंधी झाली, १७ मेपासून सामने पुन्हा सुरू होणार असं जाहीर झालं, आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पंजाब १ बाद १२२ म्हणजे जिंकल्यातच जमा, मग पंजाबवाल्यांना गुण का नाही? राहिलेल्या सामन्यांची आधीची उत्तरं धरायची का? काही परदेशी खेळाडू परत येणार नाहीत, मग मोसमाच्या सुरुवातीला दिलेला विजेता बदलू द्यायचा का?

मी असं ठरवलं: थांबलेल्या सामन्याला शून्य, पुढच्या सगळ्या सामन्यांना नवा फॉर्म, मोसमाची भाकितं जशीच्या तशी. तोच सामना २४ मेला जयपूरला पहिल्यापासून खेळवला आणि दिल्लीने सहा गडी राखून जिंकला. पंजाबवाल्यांची तक्रार तिथे मिटली. पण दिल्ली हरली असती तरी निर्णय तोच राहिला असता, हे मी आधीच लिहून टाकलं होतं.

वादाचा निवाडा एकटीने करू नका. आम्ही दोन पंच नेमतो, एक माहेरचा, एक सासरचा. दोघांचं एकमत झालं तर निर्णय, नाहीतर नियमाचा कागद जे म्हणतो ते. यातला सासरचा पंच निवडताना जरा विचार करा.

गुण कसे द्यायचे

बरोबर विजेत्याला २ गुण, एवढ्यावरच थांबलात तर महिन्याभरात तक्ता गोठतो. दहा गुणांनी मागे पडलेल्याला वर यायला मार्गच उरत नाही, कारण बहुतेक जण बहुतेक सामन्यांत सारखंच निवडतात. त्यावर दोन उपाय आमच्याकडे चालले.

एक, एकांडा गुण. जिंकलेला संघ निवडणारे एकूण उत्तरांच्या चौथ्या हिश्श्याहून कमी असतील तर त्यांना दुप्पट. चाळीसपैकी सातच जणांनी राजस्थान दिलं आणि राजस्थान जिंकलं, त्या सातांना ४ गुण. याने मागचे लोक धाडस करू लागतात. तिप्पट मात्र करू नका. मग सगळेच दुबळे संघ निवडायला लागतात आणि क्रिकेटशी संबंध सुटतो.

दोन, हुकूम. प्रत्येकाला मोसमात पाच. फॉर्मवर शेवटचा प्रश्न: 'या आठवड्यात हुकूम कोणत्या सामन्यावर?' बरोबर आला तर दुप्पट, चुकला तर उणे २. उणे ठेवल्याशिवाय लोक पाचही हुकूम पहिल्या पाच आठवड्यांत डोळे झाकून टाकून मोकळे होतात.

मोसमाच्या सुरुवातीला वेगळा फॉर्म: अव्वल चार संघ, ऑरेंज कॅप (सर्वाधिक धावा), पर्पल कॅप (सर्वाधिक बळी), विजेता. अव्वल चारांत क्रम विचारू नका. २०२४ मध्ये बंगळूर आणि चेन्नई दोघांचेही १४ गुण होते आणि धावगतीवर बंगळूर आत गेलं. धावगतीच्या तिसऱ्या दशांशावर आपल्या घरातली भांडणं कशाला? चारपैकी प्रत्येक बरोबर नावाला ३, बस.

निष्ठावंतांचं काय करायचं हा नाजूक विषय. आमच्यात तीन जण असे आहेत की मुंबईविरुद्ध त्यांचं बोट दाबलंच जात नाही. २०२४ मध्ये मुंबई १४ पैकी १० सामने हरली, तक्त्यात तळाला. हे तिघेही तिच्यासोबत तळाला. २०२५ मध्ये मुंबईने पहिल्या पाचांत चार हरून मग ओळीने सहा जिंकले, तेव्हा हेच तिघे वर सरकले आणि क्रिकेटचं ज्ञान वाटायला लागले. त्यांना सवलत देऊ नका, समजावू तर अजिबात नका. ते प्रत्येक सामन्याला फॉर्म भरतात, आणखी काय हवं?

आणि एक खेळाडू खोटा ठेवा. आमच्या तक्त्यात 'नाणेराव' नावाचा एक आहे. दर सोमवारी माझा मुलगा नाणं उडवतो आणि जे येईल ते नाणेरावांचं उत्तर. ७० सामन्यांत नाण्याचे सरासरी ३५ बरोबर येणार, बहुतेक वेळा ३१ ते ३९ च्या मधे. चाळीस जणांनी नुसतं नाणं उडवलं तरी त्यातला सर्वात नशीबवान ४३-४४ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे तुमचा विजेता ४४ वर असेल तर तो मोठा जाणकार आहे असं गणित तरी म्हणत नाही. हे मी ग्रुपवर दरवर्षी लिहिते, कोणाला पटत नाही. पण नाणेराव अठराव्या नंबरवर आले की एकोणिसाव्यापासून खालचे सगळे पेटून उठतात, आणि फॉर्म वेळेत येतात.

तरीही गळती होतेच. सलग दोन आठवडे फॉर्म न भरणाऱ्याला ग्रुपवर टोकू नका, खाजगीत फोन करा. बहुतेकदा कारण क्रिकेटचं नसतं: कोणाच्या घरी आजारपण, कोणाच्या मुलांच्या परीक्षा. माझे एक चुलत दीर, वर्षातून एका लग्नात भेटणारे, त्यांच्याशी आता मोसमभर बोलणं होतं ते अशा फोनमुळे. परत येणाऱ्याला वाटावं की अजून काहीतरी हाती लागेल, म्हणून दर आठवड्याचा वेगळा विजेता काढा. आठवड्याच्या तक्त्यात सगळे शून्यावरून सुरू होतात, त्यामुळे एकतिसाव्या नंबरचाही सोमवारी पहिला असू शकतो. बक्षीस काही नाही, फक्त पुढच्या आठवडाभर ग्रुपचा फोटो त्याच्या पसंतीचा. गेल्या मोसमात यामुळे आम्ही एका मांजराकडे आठवडाभर बघत होतो.

शीट आणि ताळा

तीन पानं पुरतात: उत्तरं, निकाल, गुणतक्ता. निकालाच्या पानात तुम्ही फक्त जिंकलेला संघ भरायचा, बाकी काम सूत्रं करतात. इथे घात होतो तो नावांत. फॉर्ममध्ये 'लखनौ' आणि निकालात 'लखनऊ' लिहिलं, किंवा नावापुढे एक जास्तीची स्पेस पडली, की सूत्राला ते वेगळे संघ वाटतात आणि त्या दिवशी सगळ्यांना शून्य. दहाही नावं एकदाच एका पानावर लिहा आणि कुठेही लागली तर तिथूनच कॉपी करा.

तक्ता टाकण्याआधी ताळा घ्या. काउंटइफ या सूत्राने मोजा: या सामन्याला जिंकलेला संघ किती जणांनी दिला? तेवढ्याच जणांचे गुण वाढले का? जुळत असेल तरच ग्रुपवर. याला पाच मिनिटं लागतात आणि चुकीचा तक्ता मागे घ्यायला अर्धी रात्र. ईमेलचा रकाना असलेलं पान कोणालाही शेअर करू नका, गुणतक्त्याची प्रत वेगळ्या शीटमध्ये ठेवून तिचीच लिंक द्या, फक्त बघण्यापुरती.

बरोबरी सुटण्यासाठी फायनलच्या फॉर्मवर एक आकडा मागा: पहिल्या डावाच्या धावा. जवळचा जिंकला. दोन्ही डावांची बेरीज मागू नका. २०२३ ची फायनल २८ मेला व्हायची, पावसाने २९ ला गेली. गुजरातने २१४ केल्या, पुन्हा पाऊस, चेन्नईला १५ षटकांत १७१, आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारून सामना संपवला तेव्हा तारीख ३० झाली होती. बेरीज मागितली असती तर त्या आकड्याला अर्थच उरला नसता. पहिल्या डावाला तसं क्वचितच होतं. २०२४ मध्ये तो ११३ होता, २०२५ मध्ये १९०. अंदाज बांधायला भरपूर वाव.

जिंकणाऱ्याला आमच्याकडे पितळी तांब्या मिळतो, फिरता. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात तशी त्यावर दरवर्षीच्या विजेत्याची नावं घातली आहेत. विजेता परदेशी असेल तर नाव घालायचं, तांब्या डोंबिवलीतच. नाव कसं हवं ते त्याच्याकडून लिहून घ्या. भांडीवाला एकदा 'सुहास'चा 'सुभाष' करून बसला तर ते पुसता येत नाही.

आता ग्रुपवर २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा विषय निघालाय. ४८ संघ, १०४ सामने, ११ जून ते १९ जुलै, आणि अमेरिकेतल्या वेळा म्हणजे इथे बरेचसे सामने रात्री-पहाटे. कोणी उत्साही असेल तर माझा सल्ला एवढाच: गटातल्या सामन्यांना 'बरोबरी' हा तिसरा पर्याय ठेवा, आणि बाद फेरीत 'कोण जिंकेल' न विचारता 'पुढच्या फेरीत कोण जाईल' असं विचारा. २०२२ ची फायनल अर्जेंटिना-फ्रान्स ३-३ होती, निकाल पेनल्टींवर ४-२ लागला. फायनलच्या फॉर्मवर 'चषक कोण उचलेल' असं लिहिलं की तिथेही वाद राहत नाही. फॉर्मची लिंक मला पाठवा, मी नुसती खेळेन.